हें वय सोसेल काय?

आमच्या घरीं वडीलधाऱ्या माणसाच्या दुखण्याविषयीं बोलणें निघालें म्हणजे तें माजघरांत होत नाहीं. बाहेरच्या खोलींत, दार लोटून, दबलेल्या आवाजांत होतें. गेल्या वर्षीं कार्तिकांत अशीच एक बैठक बसली. माझ्या चुलतीला, म्हणजे आम्हां सर्वांच्या काकूला, अठ्ठ्याहत्तरावें वर्ष चालू होतें. दोन-तीन महिन्यांपासून तिला थकवा येई, चेहरा फिकट दिसे. चातुर्मासांतील उपवासांचा हा परिणाम असेल, असें म्हणून तिनें स्वतः आणि आम्हींही त्याकडे काणाडोळा केला. शेवटीं रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन आठावर उतरलेलें आढळलें. दुर्बिणीनें मोठें आंतडें पाहिलें तों त्याच्या आरंभींच्या भागांत, पोटाच्या उजव्या बाजूस, गांठ सांपडली. आणि तिच्या तुकड्याची परीक्षा होऊन कर्करोगाचें निदान हातीं आलें. सुदैवानें यकृतांत किंवा फुप्फुसांत तो पसरलेला नव्हता. आंतड्याचा तेवढा भाग काढून टाकणें हाच बरें होण्याचा मार्ग आहे, असें शल्यचिकित्सकांनीं सांगितलें.

बैठकींत थोरले बंधु म्हणाले, "सगळें खरें, पण आईचें हें वय सोसेल काय?" वहिनींचें म्हणणें असें पडलें कीं, उरलेले दिवस सुखानें जाऊं द्यावेत, कापाकापी नको. धाकटे बंधु परदेशांतून दूरध्वनीवर होते. ते जगण्या-मरण्याची टक्केवारी विचारीत होते. एका गोष्टीवर मात्र सर्वांचें एकमत झालें, आणि ती म्हणजे काकूला रोगाचें नांव कळूं द्यावयाचें नाहीं. ज्या व्यक्तीच्या शरीराचा हा निवाडा चालला होता ती त्या वेळीं स्वयंपाकघरांत मेथी निवडीत बसली होती.

मी वैद्य नाहीं. परंतु पुढील पांच आठवड्यांत काकूबरोबर रुग्णालयाच्या फेऱ्या करण्याचें काम माझ्याकडे आलें. आम्ही दार लोटून ज्या प्रश्नाचा खल करीत होतों, त्याचें उत्तर शोधण्याची एक शिस्त वैद्यकशास्त्रानें गेल्या ऐंशी वर्षांत बसविली आहे, हें त्या निमित्तानें मला जवळून पाहावयास मिळालें. असा प्रसंग कोणत्याही घरावर येऊं शकतो. तो आल्यावर कोणते प्रश्न विचारावे आणि कोणत्या गोष्टी लपवूं नयेत, एवढें वाचकांस कळावें म्हणून हा लेख.

तीन भूलतज्ज्ञांचा विवेक

१९४१ सालच्या फेब्रुवारींत मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें आणि कर्करोगाच्या उपचारास आपल्या प्रांतांत हक्काचें ठिकाण लाभलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत साक्लाड, रोव्हेनस्टाइन व टेलर या तीन भूलतज्ज्ञांनीं एक वर्गवारी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेस येणाऱ्या रोग्यांचे त्यांच्या प्रकृतीवरून वर्ग पाडावे, म्हणजे निरनिराळ्या ठिकाणचे अनुभव एकमेकांशीं ताडून पाहतां येतील, हा तिचा हेतु होता. तीच पुढें १९६३ सालीं पांच वर्गांच्या रूपांत स्थिर झाली. अन्यथा निरोगी असलेला मनुष्य पहिल्या वर्गांत. आटोक्यांतील मधुमेह किंवा रक्तदाब असलेला दुसऱ्या वर्गांत. रोगामुळें ज्याच्या हालचालीस मर्यादा पडल्या तो तिसऱ्यांत. ज्याच्या जिवास त्या रोगाचा नित्य धोका तो चौथ्यांत. आणि शस्त्रक्रियेवांचून जो वांचणारच नाहीं असा मरणोन्मुख रोगी पांचव्यांत. आजही जगभर भूल देण्यापूर्वीं रोग्याच्या कागदावर हा आंकडा लिहिला जातो.

या कथेंतील मला विशेष वाटलेली गोष्ट निराळी आहे. त्या तिघांनीं आपल्या वर्गवारीस 'शस्त्रक्रियेची जोखीम' हें नांव देण्याचें बुद्ध्याच टाळलें. 'शारीरिक स्थिति' एवढेंच म्हटलें. कारण जोखीम ही केवळ रोग्याच्या देहांत नसते. शस्त्रक्रिया कोणती, ती करणारा हात कसा, नंतरची शुश्रूषा कशी, या सर्वांचा तींत वाटा असतो. आमच्या बैठकींत मात्र सगळी जोखीम काकूच्या जन्मतारखेंत सामावलेली होती.

शरीराकडून काय मागितलें जातें

मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत गांठ असलेला भाग, त्याच्या दोन्ही बाजूंचा कांहीं निरोगी भाग आणि तेथील रसग्रंथि काढून उरलेलीं दोन टोंकें जोडतात. या जोडांतच पहिली भीति असते. जोड नीट भरला नाहीं आणि त्यांतून आंतड्यांतील मळ पोटांत झिरपला तर जिवावर बेततें. गांठ गुदाशयांत, अगदीं खालच्या अंगास असेल तर हें भय अधिक. म्हणून अशा वेळीं जोडास विश्रांति मिळावी यासाठीं पोटावर कांहीं काळ मलविसर्जनाची वेगळी वाट काढून देतात. धूम्रपान, कुपोषण, स्टेरॉइड औषधें यांनींही जोड भरण्यास अडथळा येतो.

दुसरी भीति सर्व शरीराची. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस शरीराची प्राणवायूची मागणी वाढलेली असते. अंथरुणावर स्वस्थ पडलेल्या माणसाचें हृदय आणि फुप्फुसें त्या दिवसांत एखादा चढ चढत असावीं, तसें काम करीत असतात. ज्याच्या अंगीं शिल्लक शक्ति आहे तो हा चढ चढून जातो. ज्याची शिल्लक आधींच संपलेली आहे त्याला न्यूमोनिया होतो, हृदय थकतें, मूत्रपिंडें मंदावतात, पायांत रक्ताची गुठळी धरते, किंवा वृद्धांत पुष्कळदां दिसतो तसा कांहीं दिवसांचा भ्रम होतो. 'सोसणें' याचा अर्थ हा आहे.

आणि तिसरी एक भीति आमच्या बैठकींत कोणींच बोलून दाखविली नव्हती. ती म्हणजे शस्त्रक्रिया न करण्याची. गांठ वाढत जाते, एखादे दिवशीं आंतड्याचा मार्ग बंद करते किंवा आंतडें फुटतें; आणि मग ज्या माणसाला आपण कापाकापींतून वांचविलें त्यालाच मध्यरात्रीं, तयारीवांचून, शस्त्रक्रियेच्या मेजावर न्यावें लागतें. इंग्लंड व वेल्समध्यें या रोगाच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. तींत ठरवून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांच्या आंत दगावणाऱ्यांचें प्रमाण अलीकडे शेंकडा दोनच्या आसपास दिसतें. तातडीच्या शस्त्रक्रियेंत तें त्याच्या कित्येक पट असतें. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेंत हातीं वेळ असतो. तो कसा वापरावा याचें शास्त्र म्हणजेच जोखमीचें मूल्यमापन.

आंकडे काय सांगतात

धाकट्या बंधूंना हवी होती ती टक्केवारी काढण्याचीं गणितें आहेत. १९९१ सालीं ब्रिटनमध्यें कोपलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'पॉसम' नांवाची पद्धति मांडली. तींत वय, नाडी, रक्तदाब, हृदय व श्वास यांची स्थिति, हिमोग्लोबिन, युरिया, क्षार इत्यादि शरीराच्या बारा गोष्टींस आणि शस्त्रक्रियेच्या सहा गोष्टींस गुण देऊन मृत्यूचा व उपद्रवांचा अंदाज काढतात. या पद्धतीनें सुदृढ रोग्यांतही मृत्यूचें भाकित वाजवीपेक्षां अधिक येतें असें आढळल्यावर १९९८ सालीं पोर्टस्मथच्या मंडळींनीं तें गणित सुधारलें. पुढें २००४ सालीं केवळ मोठें आंतडें व गुदाशय यांच्या शस्त्रक्रियांसाठीं निराळी पद्धति निघाली. ब्रिटनमधील पंधरा रुग्णालयांतील जवळजवळ सात हजार रोग्यांच्या नोंदींवरून ती बसविली होती. तींत शरीराच्या सहाच गोष्टी ठेवल्या: वय, हृदयाची दुर्बलता, रक्तदाब, नाडी, युरिया व हिमोग्लोबिन. शस्त्रक्रियेच्या चार: तिचें मोठेपण, पोटांत घाण झाली काय, तातडी किती, आणि कर्करोगाची पायरी कोणती.

वयाला येथें स्थान आहे, हें नाकारतां येत नाहीं. परंतु तें सहांपैकीं एक आहे. काकूच्या बाबतींत डॉक्टरांनीं या पद्धतीनें हिशेब केला तो शेंकडा तीनच्या आसपास आला. तिचें वय जितकें त्यांत भर घालीत होतें, जवळजवळ तितकीच भर तिचें उतरलेलें हिमोग्लोबिन घालीत होतें. वय कमी करणें कोणाच्या हातीं नाहीं. हिमोग्लोबिनाविषयीं कांहीं करतां येण्याजोगें होतें.

या आंकड्यांच्या मर्यादाही डॉक्टरांनीं मोकळेपणानें सांगितल्या. पॉसमचा मूळ उद्देश भविष्य वर्तविण्याचा नव्हता. दोन शल्यचिकित्सकांच्या यशाची तुलना करावयाची तर कोणाकडे अधिक खंगलेले रोगी आले हें पाहिल्यावांचून न्याय होत नाहीं, म्हणून तें माप काढलें. त्यांतील कांहीं गोष्टी तर शस्त्रक्रिया झाल्यावरच कळतात. आधीं त्यांचा केवळ तर्क करावा लागतो. शिवाय ज्या देशांतील रोग्यांवरून गणित बसविलें त्याच्या बाहेर तें जसेंच्या तसें लागू पडेल असें नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे शेंकडा तीन याचा अर्थ, अशाच प्रकृतीच्या शंभर माणसांत तीन दगावतील. काकू त्या तिघांत कीं सत्त्याण्णवांत, हें गणित सांगत नाहीं. घरच्या माणसाला शंभर काकू नसतात; एकच असते.

जिन्याची परीक्षा

भूलतज्ज्ञांनीं काकूला तपासलें तो प्रसंग मी विसरणार नाहीं. त्यांनीं विचारलें, "आजी, जिना चढतां काय?" काकूनें तोंड उघडण्यापूर्वींच थोरले बंधु म्हणाले, "नाहीं हो. आम्ही तिला जिना चढूंच देत नाहीं." डॉक्टरांनीं पुन्हां काकूकडेच पाहून तोच प्रश्न विचारला. ती जरा ओशाळली आणि म्हणाली, "तुम्ही सगळे बाहेर गेलांत कीं मी गच्चीवर जातें. तुळस तिथें आहे ना! दोन मजले आहेत. मध्यें एकदां थांबतें, तेंही हल्लींच." ही दोन मजल्यांची कबुली डॉक्टरांच्या लेखीं फार मोलाची ठरली.

मेलबर्न येथें पॉल ओल्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या विषयांत प्रसिद्ध आहे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेस आलेल्या, साठीच्या पुढील १८७ रोग्यांना त्यांनीं आधीं सायकलसारख्या यंत्रावर पाय मारावयास लावून त्यांचा श्वास मोजला. श्रम वाढत गेले कीं एक मर्यादा अशी येते कीं हृदय व फुप्फुसें यांनीं पुरविलेला प्राणवायु स्नायूंस अपुरा पडूं लागतो. ही मर्यादा ज्यांची किलो वजनामागें मिनिटास ११ मिलिलिटरपेक्षां कमी होती अशा ५५ जणांत १० दगावले. ज्यांची तिच्यावर होती अशा १३२ जणांत एकच. वय दोन्हीकडे उतारच होतें. फरक शिल्लक शक्तीचा होता.

असें यंत्र सर्वत्र नसतें, आणि नुसत्या पाहण्यानें हा अंदाज येतो असेंही नाहीं. २०१८ सालीं कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील १४०१ रोग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनीं केवळ आपल्या अनुभवावरून रोग्याची ताकद अजमावली, तेव्हां जे खरोखर दुर्बळ होते त्यांपैकीं पांचांत एकच त्यांच्या लक्षांत आला! त्यापेक्षां ठराविक प्रश्नांची यादी अधिक उपयोगी ठरली. ती यादी ड्यूक विद्यापीठांत १९८९ सालीं तयार झालेली असून तिच्यांत बाराच प्रश्न आहेत. स्वतःचें स्वतः आवरतां काय, घरांत चालतां काय, एक जिना चढतां काय, केर काढतां काय, जड सामान उचलतां काय, अशा प्रकारचे ते आहेत.

आतां विचार करा कीं आपल्या घरांत या प्रश्नांचीं उत्तरें कोण देतो. मुलगा देतो, आणि तो एक तर आईला कांहींच करूं देत नसल्याचा अभिमान सांगतो, किंवा तिची शक्ति आहे त्याहून अधिक फुगवून सांगतो. दोन्ही उत्तरांनीं डॉक्टरांची दिशाभूल होते. घरांत खरी माहिती बहुधा सुनेला किंवा नातवंडांना असते. आजोबा आंघोळीनंतर किती वेळ टेकतात, गेल्या वर्षीं देवळापर्यंत जाणारे आतां कोपऱ्यापर्यंतच कां जातात, रात्रीं कोणत्या खोलींत आहोंत हें विसरतात काय, हें त्यांना ठाऊक असतें. कॅनडांत २००५ सालीं वार्धक्यांतील क्षीणता मोजण्याची एक श्रेणी तयार झाली. तींत अशाच रोजच्या वागण्यावरून माणसाची पायरी ठरवितात. वय एकच असलेल्या दोन माणसांत या श्रेणीनें जमीन-अस्मानाचा फरक पडूं शकतो.

लपवूं नये असें कांहीं

तपासणीच्या वेळीं रक्त, मूत्रपिंडें, साखर, हृदयालेख हें सर्व झालेंच. परंतु डॉक्टरांनीं आम्हांला घरीं जाऊन एक यादी करावयास सांगितली. रक्त पातळ ठेवणारी गोळी, हृदयाचीं व मधुमेहाचीं औषधें तर त्यांत हवींतच. पण वैद्याकडून आणलेलीं चूर्णें, काढे, सांधेदुखीच्या पुड्या, डबींतील तपकीर, चोरून ओढलेली विडी हेंही हवें. कारण कोणतें औषध किती दिवस आधीं बंद करावयाचें आणि कोणतें मुळींच बंद करावयाचें नाहीं, हें ठरविणें डॉक्टरांचें काम आहे. आपल्या मनानें औषध सोडणें आणि आपल्या मनानें चालू ठेवणें दोन्ही सारखींच घातक. धूम्रपान निदान चार आठवडे आधीं सुटलें तर फुप्फुसांचे व जखमेचे उपद्रव कमी होतात.

वजनाचा प्रश्न आला तेव्हां आमच्या घरच्या आहाराची परीक्षा झाली. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन उतरलें असेल तर कुपोषण गंभीर समजतात, आणि अशा रोग्यास एक-दोन आठवडे नीट पोसून मगच शस्त्रक्रिया करावी असा युरोपांतील आहारतज्ज्ञांचा सल्ला आहे; रोग कर्करोग असला तरीही. काकूचें वजन पन्नास किलो. तिला दिवसास साठ ते पंचाहत्तर ग्रॅम प्रथिनें हवीं होतीं. वाटीभर वरणांत पांच-सात ग्रॅम, कपभर दुधांत तितकींच. आमटी-भात, ताक आणि संध्याकाळीं दोन घांस, हा जो वृद्ध स्त्रियांचा सात्त्विक आहार म्हणून आपण गौरवितों, त्यांत निम्मींही प्रथिनें पडत नव्हतीं. डॉक्टरांनीं दूध, दही, पनीर, मोड आलेल्या कडधान्यांच्या उसळी आणि प्रथिनांची भुकटी सांगितली. एकादशीस मात्र काकू हटून बसली. तेव्हां डॉक्टर म्हणाले, "आजी, औषधाला उपवासाची आड येत नाहीं ना? मग हें औषधच समजा." तिनें तें मानलें.

लोह शिरेंतून दिलें. त्यानें रक्त वाढतें खरें. तरी त्याविषयीं अवास्तव आशा बाळगूं नये हेंही डॉक्टरांनीं सांगितलें. २०२० सालीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत पोटाच्या शस्त्रक्रियेपूर्वीं असें लोह दिल्यानें रक्त चढविण्याची गरज किंवा मृत्यु कमी झालेले दिसले नव्हते. एकट्या उपायावर भिस्त ठेवूं नये, हा त्याचा बोध.

अनेक उपाय एकत्र केले तर काय होतें, याचें उत्तर २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मिळतें. नेदरलँड्ससह अनेक देशांत मिळून तो झाला, आणि त्यांत मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचेच २५१ रोगी होते. निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वीं चार आठवडे देखरेखीखालीं व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मनास धीर आणि लागेल तेथें धूम्रपान सोडण्यास साह्य दिलें. निम्म्यांना नेहमींप्रमाणें ठेवलें. गंभीर उपद्रव नेहमींच्या गटांत शेंकडा तीसच्या जवळ झाले. तयारी केलेल्यांत शेंकडा सतराच. अर्थात् गांठीनें आंतडें अडविलें असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल तर थांबण्यास अवसर नसतो. किती दिवस थांबावयाचें हें शल्यचिकित्सकानेंच ठरवावें.

आमच्याकडे चार आठवडे मिळाले. सकाळीं नातू व संध्याकाळीं सून यांच्यासह काकूचें चालणें सुरू झालें. दीर्घ श्वासाचा अभ्यास ठरला. आणि गच्चीचा जिना, जो आजवर चोरून चढला जाई, तो उघडपणें दिवसांतून दोनदां चढणें हें औषध झालें. रुग्णालयांत नेण्याच्या सामानांत चष्मा, कानाचें यंत्र आणि दांतांची कवळी हीं आधीं ठेवण्यास सांगितलें होतें. कारण ज्याला दिसत नाहीं आणि ऐकूं येत नाहीं अशा वृद्धास शस्त्रक्रियेनंतर भ्रम लवकर होतो.

दार उघडल्यावर

एक गोष्ट उरली होती, आणि तीच सर्वांत अवघड होती. शल्यचिकित्सकांनीं आम्हांला स्पष्ट सांगितलें कीं, आजींना कळल्यावांचून आणि त्यांच्या संमतीवांचून आपण चाकू हातीं घेणार नाहीं. बंधु गडबडले. "तिला धक्का बसेल," असें ते म्हणाले. तरीही आम्ही सर्वजण आंत गेलों आणि डॉक्टरांनीं सौम्य शब्दांत रोगाचें नांव सांगितलें. काकू शांतपणें म्हणाली, "मला ठाऊक आहे. यांच्या वेळींही बाहेरच्या खोलीचें दार असेंच लोटलेलें असे."

कोणाला कांहीं बोलतां येईना. मग तिनें जो प्रश्न विचारला तो आमच्यापैकीं कोणाच्याही मनांत आला नव्हता. किती वर्षें जगेन, असें तिनें विचारलें नाहीं. शेंकडा तीनचीही तिला फारशी चिंता वाटली नाहीं. ती म्हणाली, "नंतर माझें मला करतां येईल ना? अंथरुणावर पडून दुसऱ्याकडून करून घ्यावयाचें असेल तर मला हें नको." डॉक्टरांनीं खोटा भरंवसा दिला नाहीं. तिची पूर्वींची शक्ति पाहतां तें बहुधा साधेल; कांहीं आठवडे मात्र मदत लागेल; आणि कांहीं बिघडलें तर पुन्हां पूर्ववत् न होण्याचाही संभव आहे, असें त्यांनीं सांगितलें. यंत्रावर किती दिवस ठेवावें, काय करावें आणि काय करूं नये, हेंही त्यांनीं तिलाच विचारून लिहून घेतलें. दुसरे दिवशीं सकाळीं तिनें होकार दिला.

शस्त्रक्रिया दुर्बिणीनें झाली. सर्व कांहीं सुरळीत पार पडलें असें मी लिहिलें तर तें खरें होणार नाहीं. तिसऱ्या दिवशीं आंतडीं स्तब्ध झालीं, उलट्या होऊं लागल्या, नाकांतून नळी घालावी लागली. बंधु माझ्याकडे पाहून म्हणाले, "मी म्हणत होतों ना?" त्या क्षणीं माझ्याजवळ उत्तर नव्हतें, शेंकडा सत्त्याण्णव हा आंकडा अशा रात्रीं हातीं धरतां येत नाहीं. परंतु हा उपद्रव संभवतो हें डॉक्टरांनीं आधींच सांगून ठेवलें होतें, आणि काकूलाही तें ठाऊक होतें. आमच्यांत तीच सर्वांत कमी घाबरली. सहाव्या दिवशीं आंतडीं चालूं लागलीं. दहाव्या दिवशीं ती घरीं आली. काढलेल्या रसग्रंथींत रोग आढळला नाहीं.

सगळ्याच घरीं निर्णय असाच होईल असें नाहीं, आणि होऊंही नये. एखाद्याची शिल्लक शक्ति खरोखरच संपलेली असते. तेथें लहान शस्त्रक्रिया, आंतड्यांत नळी बसविणें, किंवा केवळ वेदना शमविणें हाच शहाणपणा ठरतो. परंतु तो निर्णय जन्मतारखेवरून व्हावयाचा नसतो. जिना, रक्त, वजन, स्मृति, औषधें हीं सर्व पाहून, काय सुधारतां येईल तें सुधारून, आणि ज्याचा देह आहे त्याला विचारून तो व्हावयाचा असतो.

दीड महिन्यानें एके सकाळीं काकू तांब्या घेऊन जिन्याकडे निघाली. आम्ही सर्वजण घरींच होतों. कोणींही तिला अडविलें नाहीं.